हिरव्या कपाटाचं टपाल

प्रिय डॉक्टरीणबाई,

रविवारी तुझा फोन ठेवल्यापासून तुझ्यावर रागवावं की हसावं हेच मला ठरवता येत नव्हतं. शेवटी दोन्ही करून झालं आणि आता लिहायला बसले आहे. बाबा म्हणतात, फोन कर की, या काळात पत्र कसलं लिहितेस. मी म्हटलं, फोनवर तुमची लेक मला बोलू देत नाही. मध्येच रडते, मग मी रडते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. पत्रात तिला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा आता गुपचूप वाच. खुर्चीत कुणी पेशंट आ करून बसला असेल तर त्याला आधी मोकळा कर आणि मग दार लावून घे. पत्र लांबणार आहे, आधीच सांगते.

तुझी मागणी मला नीट समजली. जावईबापूंची छोटी शिबिराला गेली आहे. तिथे मुलांना फोन नाही, फक्त टपाल. तू रोज कागद पुढे घेऊन बसतेस आणि 'प्रिय' लिहून उठतेस. म्हणून तू लहान असताना मी तुला लिहायचे तशी चार मजेची पत्रं मी लिहून द्यायची, आणि तू ती तुझ्या अक्षरात उतरवून पाठवायचीस. हे तू ठणठणीत आवाजात सांगितलंस. मग जाता जाता सांगावं तसं म्हणालीस की तिच्यासाठी मुक्कामाची एक शाळा बघून ठेवली आहे, शिबिर संपलं की होकार कळवायचाय. तिला माझ्याजवळ राहायचंच नाही तर उगाच तिचा जीव कशाला घ्यायचा, असं तू म्हणालीस. आणि त्याच दमात, 'तुझं बरं होतं मावशी, माझी आई नव्हतीच.' मग तू जीभ चावलीस. मला इथपर्यंत ऐकू आलं ते.

अगं, मी रागावले नाही. बोललीस ते खोटं कुठे आहे? छोटीची आई दूर देशात दुसऱ्या संसारात आहे. पत्र पाठवत नाही, पण आहे. आहे म्हटल्यावर पोर वाट बघणारच, आणि त्या वाटेत मध्येच तू उभी. तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, मी कबूल करते. पण 'बरं होतं' म्हणालीस ना, ते मात्र मी खपवून घेणार नाही. कसं होतं ते आज सांगते. अर्धं तुला ठाऊक आहे, अर्धं नाही.

मी तुमच्या घरी आले तेव्हा मला संसार येत नव्हता, काजं येत होती. शिंप्याच्या दुकानात मागच्या बाजूला खिडकीशी बसून दिवसभर लोकांच्या शर्टांना काजं-बटणं करायची, एवढंच माझं जग. लग्नाचं वय कधीच उलटून गेलं होतं आणि मी त्याचं वाईट वाटून घेणंही सोडलं होतं. दुकानाच्या इमारतीची लिफ्ट सारखी अडकायची. एकदा अडकली तेव्हा आत मी होते, आणि दुरुस्तीला आले ते तुझे बाबा. हिला मी संकटातून वर काढलं, असं ते अजून चारचौघांत सांगतात. मी म्हणते, आधी अर्ध्यावर लटकवून कुणी ठेवलं होतं तेही सांगा. आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी परक्या इमारतीत गेलो की लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी कान लावून उभे राहतात. परवा मला दवाखान्यात गुडघा दाखवायला नेलं, तर तिथल्या लिफ्टवाल्यालाच सांगत बसले की तुझा दोर कुरकुरतोय. माझा नंबर गेला ना त्या नादात.

तर मी आले त्या दिवशी तू दारामागे उभी होतीस. शाळेचाच फ्रॉक, एक वेणी सुटलेली, पायात मोजे आणि तेही वेगवेगळे. बाबांनी सांगितलं, हिला मावशी म्हणायचं. एवढ्यावर भागलंही असतं कदाचित. पण समोरच्या काकू त्याच वेळी स्वागताला आल्या. बाई मनाची वाईट नव्हती, नुसती तोंडाची सैल. तुझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, 'माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काही उगाच नाही.' लोक सवयीनं बोलतात तसंच बोलल्या त्या. म्हण आठवली आणि टाकली. तू एकदा त्यांच्याकडे पाहिलंस, एकदा माझ्याकडे. 'माझ्या आईला बहीण नव्हती,' म्हणालीस आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलंस.

त्यानंतर मला तुझ्या तोंडी नावच उरलं नाही. मावशी तर नाहीच, साधं 'अहो' सुद्धा नाही. जेवताना मी समोर डाव घेऊन उभी असायचे आणि तू म्हणायचीस, बाबा, त्यांना सांगा मीठ कमी आहे. बाबा माझ्याकडे वळून सांगायचे, मीठ कमी आहे. मी बाबांना सांगायचे, तिला विचारा अजून वाढू का. बिचाऱ्यांची मान दुखून यायची. आता हसू येतं, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन बादलीत धो धो पाणी सोडायचे आणि रडून घ्यायचे. घराला वाटायचं, बाई फार स्वच्छ आहे.

मग उन्हाळा आला आणि तू शाळेच्या खेळाच्या सरांबरोबर तळ्याकाठच्या शिबिराला गेलीस. जाताना बाबांच्या गळ्यात पडलीस. मला पाहून न पाहिल्यासारखं केलंस. सरांनी पालकांसाठी एक छापील चिठ्ठी दिली होती. मुलांना पत्रं पाठवा, आनंदाची पाठवा, 'तुझ्यावाचून करमत नाही' असलं काही लिहू नका. संध्याकाळी झाडाखाली टपाल वाटतात आणि ज्याचं आलं त्याचं नाव मोठ्यानं पुकारतात, असंही त्यात होतं. बाबांचं पत्र तुला माहीत आहेच. 'मी बरा आहे. तू बरी आहेस ना. दूध पी.' खाली अख्खा कागद कोरा. तो माझ्यापुढे सरकवून म्हणाले, तू लिही खाली काहीतरी.

आता काय लिहायचं ते पुढचं, आधी लिहिणारी कोण ते ठरायला नको? मावशी म्हणायला तू बंदी घातलेली. आई लिहिणं म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेणं. नुसतं नाव लिहावं तर ते शाळेतून आलेल्या तक्रारीसारखं दिसणार. तू आज बसतेस ना कागदापुढे, तशीच बसले होते मी, पेन चावत. आणि तो स्वयंपाकघरातला नळ टप टप, टप टप. मेल्यानं डोकं उठवलं. बाबांना शंभरदा सांगून झालं होतं, पण गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा नळ गळायचाच. त्या वैतागात मी लिहिलं, 'मी तुमच्या स्वयंपाकघरातला नळ. मी रडतोय असं समजू नकोस, माझा वायसर गेलाय. तुझे बाबा माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. तू परत आलीस की माझ्या वतीनं त्यांच्याशी भांड.' आणि खाली सही, नळ. लोकांना तू कौतुकानं सांगतेस की माझी मावशी किती कल्पक पत्रं लिहायची. डोंबलाची कल्पकता! मला लपायला जागा हवी होती, ती नळामागे मिळाली.

शिबिरात घरी पत्र लिहून दिल्याशिवाय जेवणाच्या रांगेत उभं राहू देत नसत, त्यामुळे तुझं उत्तर आलं. भुकेल्या अक्षरातलं, पण आलं. 'प्रिय नळ, बाबांशी मी भांडेन. इथलं दूध मी पीत नाही, पण हे बाबांना सांगू नकोस.' ते मी पिशवीत घालून दुकानात नेलं. मास्तर म्हणाले, आज तुझी काजं वाकडी येतायत, बरं नाही का. मला इतकं बरं कधीच नव्हतं. त्या रात्री बाबा तुझ्या दुधाची चौकशी करत होते, मी नळावर टाकलेल्या विश्वासाला जागून काही बोलले नाही. मग मी सुटलेच. लिफ्टच्या नावानं लिहिलं. बाबांच्या डाव्या बुटाच्या नावानं लिहिलं, तो उजव्याच्या चुगल्या करायचा. बुटाला तू हळूच विचारलंस, त्या बाई अजून घरी आहेत का? बुटानं कळवलं, आहेत, परवा मला पॉलिश केलं. त्यावर तुझं काही आलं नाही, पण पुढच्या पत्रात बुटाला 'स.न.वि.वि.' होतं. मी तेवढ्यावरही खूश.

आणि मग माती खाल्ली मी. मागच्या खोलीतलं हिरवं लाकडी कपाट. मी आले तेव्हा बाबा म्हणाले होते, ते राहू दे, आणि मी राहू दिलं. बाहेरून पुसायचे, बस. त्यांची हत्यारं असतील म्हणून मी कधी चौकशी केली नाही. नव्या माणसानं किल्ल्या मागू नयेत, असं मला वाटायचं. तर एके दिवशी विषय सुचेना म्हणून कपाटाला बोलतं केलं. एकदम आळशी, ढेरपोट्या म्हातारा. 'मला कुणी उघडत नाही, त्यामुळे माझ्या पोटात काय आहे ते माझं मलाच आठवत नाही. गंजक्या पकडी असाव्यात. मधूनच ढेकर येतो त्याला तेलाचा वास येतो.' मला ते फार विनोदी वाटलं होतं. बाबांना दाखवलंही नाही, थेट टपालपेटीत टाकलं.

तुझं उत्तर मी दुकानातच वाचलं, जेवणाच्या सुट्टीत. 'कपाटा, तू खोटं बोलतोस. तुझ्यात काय आहे ते तुला माहीत आहे. माझ्या आईचा निळा कोट आहे. तिचे बूट आहेत आणि टोपी आहे. अजून तिचा वास येतो का ते बघून सांग. त्या बाईंनी कुणाला देऊन टाकलं असेल तर तेही सांग. त्यांना उघडू देऊ नकोस.' समोर डबा उघडा होता, तो मी तसाच बंद केला. लाज वाटली गं मला, इतकी की मास्तरांना न सांगताच घरी निघाले. त्या पोरीनं कसं वाचलं असेल ते पत्र, झाडाखाली, सगळ्या मुलांच्या गर्दीत? हसून दाखवलं असेल का कुणाला? माझ्या डोक्यातून ते जाईना. तुझ्या मनात माझ्याविषयी काय आहे ते मला पहिल्यांदा कळलं, आणि कळलं तेही कपाटाच्या नावे.

बाबांना पत्र दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, ती गेल्यापासून मीही उघडलेलं नाही. किल्ली त्यांच्या पाकिटातच होती, रोज खिशात घेऊन फिरत होते. मी म्हटलं, मी उघडणार नाही, पोरीनं मनाई केली आहे. तुम्ही उघडा आणि मला सांगा, मी दाराबाहेर बसून लिहून घेते. तशीच बसले. ते आतून एकेक सांगत होते. कोट आहे, हँगरवर. बूट आहेत, तळाशी, वर्तमानपत्रात. टोपी चुरगळलीय. आणि वास? म्हटलं, वास सांगा, तिनं तेच विचारलंय. आत हँगर वाजला. मग म्हणाले, साबणाचा आहे, आणि बाहीपाशी तिचा. तू म्हणतेस ना, तुझे बाबा आईविषयी कधी बोलले नाहीत. त्या दुपारी बोलले, कपाटात डोकं घालून, आणि मी उंबऱ्याबाहेर बसून ऐकलं. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

मग कपाटानं तुला खरं पत्र लिहिलं. आधीच्या थापांची माफी मागितली, सगळं जागच्या जागी आहे म्हणून कळवलं, वासाचं बाबांच्याच शब्दांत लिहिलं. आणि शेवटी हेही लिहिलं, की कोटाचं वरचं बटण लोंबतंय, एका दोऱ्यावर आहे, पडलं तर हरवेल. 'तुमच्या घरी एक बाई आहेत, त्यांना बटणं लावता येतात. पण तुझ्या हुकमाशिवाय मी त्यांना हात लावू देणार नाही. कळव.' यावर पुढचं टपाल आलं, त्यात काही नाही. त्याच्या पुढचंही आलं, फक्त बाबांना. मी म्हटलं, झालं, चार पावलं पुढे आली होती तीही मागे गेली. एकदा तर मनात आलं, आपण आपल्या खिडकीशी बऱ्या होतो, कुठे या फंदात पडलो. बाबांना तसं बोलूनही दाखवलं. ते घाबरलेच. आणि शिबिर उठायच्या बेताला एक चिठोरं आलं. 'कपाटा, लावू दे. पण निळ्याच दोऱ्यानं.'

दुकानातले सारे निळे दोरे मी त्या कोटाशी लावून बघितले असतील. मास्तर म्हणाले, राजाचा कोट आहे का? मी म्हटलं, त्याहून मोठ्या माणसाचा.

तू आलीस त्या दिवशी बसस्टँडवर माझ्याशी बोलली नाहीस. घरी आल्यावर पिशवी टाकून तडक मागच्या खोलीत. बाबांनी किल्ली आधीच कपाटाला लावून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात भांडी उगाच इकडची तिकडे करत होते. मग तू दाराशी आलीस. उन्हानं काळीठिक्कर पडलेली, गुडघा फुटलेला. म्हणालीस, 'ओढून बघितलं. घट्ट लावलंयस गं मावशी.' एवढंच, आणि खेळायला पळालीस. तुझ्या आईला बहीण नव्हती. त्या दिवशी तू तिला एक दिलीस. मला आईबिई कधीच व्हायचं नव्हतं, बयो. मला त्या कोटाच्या घरात जागा हवी होती, ती मिळाली.

कपाट पत्र लिहीत नाही हे त्या वयात तुला कळत होतंच. तुला कळतंय हे मलाही कळत होतं. तुला मला जे विचारायचं होतं, ते तू कपाटाला विचारलंस, आणि मी कपाटाच्या तोंडून उत्तर दिलं. म्हणून तर ती पत्रं उसनी देता येत नाहीत. माझा नळ, माझा बूट तुझ्या घरी चालायचे नाहीत, पोर दुसऱ्या ओळीला ओळखेल. आणि गमतीची पत्रं पाडणं म्हणजे काम झालं, असंही समजू नकोस. माझी सगळ्यात विनोदी चिठ्ठीच सगळ्यात वाईट लागली होती. तू अख्ख्या गावाच्या पोरांची तोंडं उघडतेस, आणि घरातली एक पोर गप्प बसली तर लगेच मुक्कामाची शाळा बघतेस? तुझ्याकडे निदान खुर्ची आहे, दिवा आहे, आरसा आहे. त्या तिच्या पडक्या दाताला लिहायला लाव, तुझ्या त्या खुर्चीला लिहायला लाव, मला काय माहीत! तिच्या आईचं काही विचारेल, तर जे खरं असेल ते लिही. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणून लिही. सहीला नाव सुचत नसेल तर नको करूस सही.

हे सगळं मी फोनवरच सांगणार होते, खरं तर आज सकाळी फोन हातात घेतलाही होता. तेवढ्यात टपाल आलं. छोटीला उन्हासाठी मी कापडी टोपी शिवून पाठवली होती, त्या पाकिटावरून तिनं माझा पत्ता उतरवून घेतलेला दिसतो. वर लिहिलंय, 'प्रिय डॉक्टरांच्या मावशी.' टोपी बरोबर बसली, एवढं आधी. मग जसंच्या तसं देते. 'इथे संध्याकाळी पत्रं वाटतात. बाबांची येतात. डॉक्टरांचं अजून आलं नाही. त्यांच्याकडे इथला पत्ता नसेल. मी खाली लिहिला आहे, तो त्यांना द्याल का? पण मी मागितलं असं सांगू नका.' खाली पत्ता आहे, मोठ्या अक्षरात, पट्टी धरून ओढलेल्या रेघांवर. तोच कागद या पाकिटात घातला आहे. तिनं मागितलं असं मी तुला सांगितलंय. ती माझ्यावर रागावली तर मी बघून घेईन.

तुझीच,
मावशी